विश्लेषण : कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ फोटोत का दिसते? ती कधी पुसावी आणि कधी पुसू नये?

चैत्र-वैशाखात वज्रेश्वरी परिसरातल्या छायाचित्रकारांच्या हाताला उसंत नसते. चैत्र अमावास्येच्या सुमारास भरणारी देवीची यात्रा, गावोगावच्या हळदी आणि लग्ने, शनिवार-रविवारी गरम पाण्याच्या कुंडांवर होणारी गर्दी, सगळे एकदम येते. पाऊस अजून लांब असतो, रस्ते कोरडे असतात आणि हवेत धूळ असते. काम संपवून फोटो संगणकावर उघडले की निळ्या आकाशात, पांढऱ्या भिंतीवर, नवरीच्या फिक्या शालूवर एकाच जागी एक करडा ठिपका दिसू लागतो. हा ठिपका असतो सेन्सरवर बसलेल्या धुळीचा.

लेन्स बदलता येणाऱ्या प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्याला हा त्रास आज ना उद्या होतोच. धुळीने स्वतःहून कॅमेरा सहसा बिघडत नाही. तो बिघडतो धूळ काढण्याच्या घाईत. शर्टाचे टोक, कानात घालायची कापसाची काडी किंवा तोंडाची फुंकर यांनी होणारे नुकसान धुळीपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून धूळ दिसते कशी, ती खरोखर सेन्सरवरच आहे का आणि ती कोणत्या क्रमाने काढायची, हे कॅमेऱ्याला हात लावण्याआधी समजून घेतलेले बरे.

धूळ नेमकी बसते कुठे?

‘सेन्सरवर धूळ’ असे म्हटले जाते, पण प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या थरापर्यंत धूळ पोहोचत नाही. त्या थरासमोर संरक्षक काच आणि फिल्टरांचा पातळ संच असतो. अवरक्त किरण अडवणारा फिल्टर त्यातच असतो. धूळ बसते ती या संचाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. म्हणजे पुसायची असते ती काच, सेन्सर नव्हे. ही दिलासा देणारी बाब आहे. मात्र त्या काचेवर नाजूक लेप असतो. त्यावर ओरखडा उमटला तर नुसती काच बदलून भागेलच असे नाही. अनेकदा सेन्सरचा संपूर्ण संच बदलावा लागतो आणि तो खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

लेन्स काढली की धुळीला वाट मोकळी होते. डीएसएलआर कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे आरसा आणि शटर असते, त्यामुळे थोडा आडोसा मिळतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो. बहुतेक मॉडेलांत लेन्स काढताच सेन्सर उघडा दिसतो. कॅननने २०१८ साली आणलेल्या ईओएस आर या मिररलेस कॅमेऱ्यात बंद करताच शटर मिटून सेन्सर झाकण्याची सोय दिली. नंतर इतर कंपन्यांच्या काही मॉडेलांतही अशी सोय आली. आपल्या कॅमेऱ्यात ती आहे का आणि मेनूतून सुरू करावी लागते का, हे एकदा तपासून घ्यावे.

लेन्स न बदलताही धूळ आत येऊ शकते. लांबी कमी-जास्त होणारी झूम लेन्स पुढे-मागे करताना ती पिचकारीसारखी हवा आत-बाहेर खेचते. त्या हवेबरोबर बारीक कणही येतात.

एकच डाग प्रत्येक फोटोत का येतो?

फिल्मच्या जमान्यात धूळ नव्हती असे नाही. पण प्रत्येक फोटोसाठी फिल्मचा नवा तुकडा पुढे येई आणि कण बहुधा जुन्या तुकड्याबरोबर पुढे निघून जाई. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा घेणारा सेन्सर तोच राहतो. सकाळी साडेनऊला बसलेला कण मुहूर्ताच्या फोटोत असतो, जेवणावळीत असतो आणि पाठवणीतही त्याच कोपऱ्यात असतो. एका लग्नाचे हजार-दीड हजार फोटो निघत असतील, तर तेवढ्या फोटोंत तो डाग आहे असे धरून चालावे लागते. तो नजरेला कोणत्या फोटोत पडेल, हे मात्र लेन्सच्या छिद्रावर म्हणजे ॲपर्चरवर ठरते.

छिद्र लहान केल्यावरच डाग का उठून दिसतो?

सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. कण काचेवर बसलेला असतो आणि प्रकाश टिपणारा थर त्याच्या थोडा मागे असतो. त्यामुळे फोटोत कण दिसत नाही, त्याची सावली दिसते. उन्हात भिंतीजवळ धरलेल्या हाताची सावली रेखीव पडते. पण आकाश पूर्ण ढगाळले असेल आणि प्रकाश सगळीकडून येत असेल, तर त्याच हाताची सावली विरघळून जाते. कॅमेऱ्यातही हेच घडते. छिद्र मोठे असेल तर कणाच्या चारही बाजूंनी तिरपा प्रकाश आत येतो आणि सावली पसरून पुसट होते. छिद्र लहान असेल तर प्रकाश जवळजवळ एकाच दिशेने येतो आणि सावली गडद होते.

ढोबळ हिशेब करून पाहता येतो. समजा, कण आणि प्रकाश टिपणारा थर यांत १ मिलिमीटर अंतर आहे आणि कण ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे बारीक केसाच्या जाडीइतका आहे. सेन्सरवरच्या एका बिंदूकडे येणारा प्रकाश शंकूच्या आकाराने येतो. काचेपाशी त्या शंकूचा व्यास काढायचा तर अंतराला एफ-क्रमांकाने भागायचे. एफ/२.८ ला तो सुमारे ०.३६ मिलिमीटर भरतो. एवढ्या रुंद शंकूतला जेमतेम २ टक्के प्रकाश हा कण अडवतो. डोळ्याला ते कळतही नाही. एफ/१६ ला शंकू ०.०६ मिलिमीटरवर येतो आणि तोच कण निम्म्याहून जास्त प्रकाश अडवतो. एफ/२२ ला शंकू कणापेक्षाही अरुंद होतो आणि डाग जवळपास काळा पडतो.

म्हणून मांडवातले, मंद उजेडातले फोटो एफ/२.८ किंवा एफ/४ ला काढले असतील तर स्वच्छ दिसतात. दुसऱ्या दिवशी त्याच कॅमेऱ्याने भर उन्हात देवळाचा फोटो एफ/१६ ला काढला की डागांची रांगोळी दिसते. धूळ रात्रीत वाढलेली नसते, छिद्र बदललेले असते.

डाग केवढा मोठा दिसेल, याचाही अंदाज बांधता येतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या फोटोची रुंदी सुमारे ६,००० पिक्सेल असते. साध्या आकाराच्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर ०.०५ मिलिमीटरच्या कणाची सावली साधारण १२ पिक्सेल रुंद पडते. मोबाइलच्या पडद्यावर ती दिसणार नाही. पण तोच फोटो १२ बाय ३६ इंचांच्या करिझ्मा अल्बमच्या दोन पानांवर पसरून छापला, तर ठिपका जवळपास २ मिलिमीटरचा होतो. अल्बम मांडीवर घेऊन बसलेल्या घरच्यांना तो दिसल्याशिवाय राहत नाही.

व्हिडिओत हा त्रास जास्त का?

व्हिडिओ नैसर्गिक वाटावा म्हणून शटरचा वेग बहुधा १/५० सेकंदावर ठेवला जातो. यात्रेच्या दुपारी लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि १/५० हे आकडे ठेवले की प्रकाश कमी करण्यासाठी छिद्र एफ/२२ पर्यंत लहान करावे लागते. धूळ दिसायला याहून सोयीची परिस्थिती नाही. शिवाय कॅमेरा पालखीबरोबर फिरवला की दृश्य सरकते आणि ठिपका जागच्या जागी राहतो. नजर लगेच त्याच्यावर जाते. फोटोतला डाग काही सेकंदांत पुसता येतो, व्हिडिओतला काढणे वेळखाऊ आणि जिकिरीचे असते. यावर सोपा उपाय म्हणजे लेन्सपुढे प्रकाश कमी करणारी काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर लावणे. मग छिद्र एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवता येते आणि धूळ असली तरी दिसत नाही.

वज्रेश्वरीच्या हवेत काय काय असते?

वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर देऊळ बांधले गेले, अशी वज्रेश्वरीची ख्याती आहे. तानसा नदीकाठच्या या गावात देवळाच्या बावन्न पायऱ्या, जवळच अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे, असा सगळा परिसर कॅमेऱ्याला भुरळ घालणारा आहे. मात्र इथे कॅमेऱ्यात शिरणारी धूळ एका प्रकारची नाही आणि प्रत्येक प्रकाराला वेगळी वागणूक लागते.

पहिला प्रकार रस्त्याची माती आणि दगडाची भुकटी. हे कण टणक असतात. फुंकणीच्या हवेने ते सहसा उडतात. पण तसेच ठेवून वरून कापड फिरवले, तर काचेवर पॉलिश पेपरसारखे घासले जातात.

दुसरा प्रकार सुताचे तंतू. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. कारखान्याच्या आसपास, कापडाच्या गोदामात किंवा मांडवाच्या पडद्यांजवळ लेन्स बदलली तर बारीक तंतू आत जाऊ शकतात. फोटोत ते गोल ठिपक्यासारखे न दिसता वेटोळ्या केसासारखे दिसतात. हे तंतू हलके असल्याने बहुधा हवेने निघतात.

तिसरा प्रकार गुलाल, कुंकू आणि हळद. आगरी समाजाच्या हळदी म्हणजे रात्रभर नाच, वाजंत्री आणि उधळण. ही पूड अतिशय बारीक असते आणि घामाचा, दमटपणाचा स्पर्श झाला की चिकटते. जेजुरीच्या सोमवती अमावास्येला भंडाऱ्यात किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालात काम करणारे छायाचित्रकार कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळतात, ते यासाठीच. उधळण चालू असताना लेन्स बदलू नये, हा नियम तिथेही आहे आणि इथेही.

चौथी गोष्ट धूळ नाही, पण धुळीला चिकटवून ठेवते. ती म्हणजे वाफ. कुंडाजवळ लेन्स उघडली आणि आत ओलावा शिरला, तर बाष्प काचेवर जमून सुकते आणि आधीची कोरडी धूळ पक्की बसते. वातानुकूलित गाडीतून उतरून थेट दमट हवेत कॅमेरा काढला तरी गार काचेवर बाष्प धरते. अशा वेळी कॅमेरा बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटे राहू द्यावा. बाहेरच्या हवेइतका उबदार झाला की काढावा.

डाग सेन्सरवर आहे की लेन्सवर?

इथे अनेकांची फसगत होते. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा धुळीचा कण फोटोत ठिपका म्हणून दिसत नाही. तो फोकसच्या इतका बाहेर असतो की विरून जातो. फार तर फोटो थोडा धुरकट होतो किंवा समोरून येणाऱ्या प्रकाशात चकाकी वाढते. म्हणून रेखीव ठिपका दिसला तर संशय आधी सेन्सरवर घ्यावा.

खात्री करण्यासाठी लेन्स बदलून पाहावी. दुसऱ्या लेन्सने काढलेल्या फोटोतही डाग त्याच जागी असेल तर तो सेन्सरवर आहे. डीएसएलआरच्या खिडकीतून पाहताना कण दिसतो, पण फोटोत येत नाही, असे असेल तर तो आरशावर किंवा वरच्या फोकसिंग पडद्यावर आहे. त्याने फोटो बिघडत नाही. आरसा आणि पडदा हे दोन्ही फार नाजूक असल्याने त्यांना हात न लावणेच शहाणपणाचे.

लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती धूळ नव्हे, बुरशी असते. कोकण-ठाणे पट्ट्यातल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. तिच्यावर फुंकणीचा उपयोग नाही. लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावी लागते.

घरच्या घरी चाचणी कशी करावी?

कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवावा, आयएसओ १०० आणि छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२. फोकस हाताने पूर्ण बिघडवावा. मग निरभ्र आकाश, पांढरी भिंत किंवा मोबाइलचा कोरा पांढरा पडदा चौकटभर दिसेल असा फोटो घ्यावा. शटर मंद असेल तर कॅमेरा थोडा हलला तरी चालते. उलट भिंतीवरचे डाग त्यामुळे पुसले जातात आणि सेन्सरवरचे तेवढे राहतात. फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडून कोपरान् कोपरा पाहावा. कॉन्ट्रास्ट वाढवला की फिकट डागही वर येतात.

डाग सेन्सरच्या कोणत्या भागात आहे, हेही कळते. लेन्स प्रतिमा उलटी पाडते. त्यामुळे फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो. कॅमेऱ्याकडे समोरून पाहिले तर डावी-उजवी बाजू मात्र फोटोत दिसते तशीच राहते. म्हणजे फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला कण समोरून पाहताना खालच्या डाव्या कोपऱ्यात सापडतो.

एफ/२२ ला चार-पाच फिकट ठिपके दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. आपण नेहमी ज्या छिद्राने काम करतो, समजा एफ/८, त्याने पुन्हा फोटो घ्यावा. त्यात काही दिसत नसेल तर सफाई पुढे ढकललेली चालते. जुना कॅमेरा विकत घेताना मात्र ही चाचणी दुकानातच, पैसे देण्याआधी करावी. पुसूनही न जाणारी बारीक रेघ दिसली तर तो ओरखडा असू शकतो.

कॅमेरा स्वतः धूळ झटकतो, ते कसे?

ऑलिम्पसने २००३ साली आणलेल्या ई-१ कॅमेऱ्यात सेन्सरपुढची पातळ काच सेकंदाला हजारो वेळा कंप पावेल अशी सोय पहिल्यांदा आली. कंपनामुळे कण झटकले जातात आणि खाली लावलेल्या चिकट पट्टीवर अडकतात. २००६ साली कॅननच्या ईओएस ४००डी आणि सोनीच्या अल्फा १०० मध्ये धूळ झटकण्याची सोय आली आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी ती दिली. कॅमेरा सुरू किंवा बंद करताना ही सफाई आपोआप होते. मेनूतूनही करता येते.

तिची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. कोरडा, सुटा कण कंपनाने पडतो. ओली हळद, वाळलेला बाष्पाचा डाग किंवा वंगणाचा थेंब तसाच राहतो.

धूळ कॅमेऱ्यातूनच येऊ शकते का?

येऊ शकते. निकॉनच्या डी६०० या कॅमेऱ्याचे प्रकरण त्यासाठी जगभर गाजले. सप्टेंबर २०१२ मध्ये हा कॅमेरा बाजारात आल्यावर अनेक ग्राहकांच्या फोटोंत, विशेषतः एका कोपऱ्यात, भराभर डाग जमू लागले. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने नव्या शटर यंत्रणेसह डी६१० आणला. फेब्रुवारी २०१४ मध्ये, वॉरंटी संपली असली तरी डी६०० ची तपासणी, सफाई आणि शटरची बदली मोफत करून देण्याची घोषणा केली. १५ मार्च २०१४ रोजी चीनच्या सरकारी वाहिनीवरील ग्राहक हक्कांच्या कार्यक्रमात हा विषय आला आणि त्यानंतर शांघायच्या प्रशासनाने त्या मॉडेलची विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

यातून सामान्य ग्राहकाने घेण्यासारखे एवढेच : शटर वेगाने हलणारे यंत्र आहे. त्याच्या घर्षणातून सूक्ष्म कण आणि क्वचित वंगणाचे थेंब उडू शकतात. सफाई करूनही डाग थोड्याच दिवसांत त्याच कोपऱ्यात परत येत असतील, तर पुन्हापुन्हा पुसत बसू नये. चाचणीचे फोटो तारखेसह जपून ठेवावेत आणि वॉरंटीत असतानाच कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवावेत.

सफाईचा क्रम काय असावा?

पहिली पायरी कॅमेऱ्याच्या मेनूतली सफाई. ती दोन-तीनदा चालवून चाचणीचा फोटो घ्यावा.

दुसरी पायरी रबरी फुंकणी, म्हणजे दुकानात मिळणारा ब्लोअर. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. पंखा बंद करून, दारे-खिडक्या लावून बसावे. डीएसएलआरमध्ये मेनूतल्या सफाईच्या पर्यायाने आरसा वर घ्यावा. बल्ब मोडवर बोट दाबून ठेवण्याची युक्ती वापरू नये; बोट सुटले की शटर मिटते आणि आत असलेल्या वस्तूवर आदळते. मिररलेसमध्ये कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सेन्सर उघडा ठेवावा. ब्लोअरचे दोन-चार झोत आधी हवेत सोडावेत, म्हणजे त्याच्या आतली धूळ निघून जाते. मग कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून झोत द्यावेत. ब्लोअरचे टोक आत, काचेच्या अगदी जवळ नेऊ नये. बहुतेक वेळा काम इथेच संपते.

तिसरी पायरी ओली सफाई. चिकटलेला डाग तेवढ्यासाठीच. सेन्सरच्या उंचीच्या मापाची, धूळमुक्त पाकिटातली सपाट पट्टी म्हणजे स्वॉब मिळतो. फुल फ्रेमसाठी साधारण २४ मिलिमीटरचा आणि एपीएस-सीसाठी १६ मिलिमीटरचा. त्यावर सेन्सरसाठीच बनवलेल्या द्रवाचे एक-दोन थेंब टाकावेत, निथळेल इतके नव्हेत. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हाताने एकच फेर घ्यावा, मग पट्टीची दुसरी बाजू करून उलट फेर. तो स्वॉब तिथेच टाकून द्यावा. पैसे वाचवण्यासाठी तोच पुन्हा वापरला तर आधीच्या फेरीत उचललेला टणक कण काचेवर घासला जातो. ओल्या सफाईआधी ब्लोअर मारलाच पाहिजे, तोही याच कारणासाठी.

सेन्सर आतल्या आत हलवून हाताचा कंप जिरवणारी यंत्रणा असलेल्या कॅमेऱ्यांत जोर अजिबात लावू नये. अशा कॅमेऱ्याला किंवा हात थरथरत असेल तर चौथी पायरी : सेवा केंद्र किंवा भरवशाचा दुरुस्तीवाला. खर्च आधी विचारून घ्यावा, कॅमेरा देण्यापूर्वी आणि घेतल्यावर एफ/१६ चा फोटो काढून ठेवावा. स्वतः सफाई करताना झालेले नुकसान बहुधा वॉरंटीत धरले जात नाही, हे विसरू नये.

काय कधीच करू नये?

तोंडाने फुंकू नये. थुंकीचे सूक्ष्म तुषार उडतात आणि सुटा कण चिकट होतो. संगणक साफ करायचा दाबाच्या हवेचा डबा वापरू नये; त्यातून कधीकधी अतिथंड द्रव बाहेर पडतो आणि काचेवर डाग पडतो. टायरमध्ये हवा भरायच्या किंवा गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरचा झोत तर मुळीच नको. त्यात तेल आणि पाणी असते आणि जोर शटरची पाती वाकवू शकतो. चष्म्याचे पाणी, सॅनिटायझर, कानातली कापसाची काडी, रुमाल, साडीचा पदर, यांतले काहीही आत जाता कामा नये. आणि कार्यक्रम सुरू असताना, मांडवाच्या कोपऱ्यात उभ्याने ओली सफाई करू नये. त्या क्षणी ॲपर्चर मोठे करणे हा सर्वांत स्वस्त आणि बिनधोक उपाय आहे.

काढलेल्या फोटोंचे काय?

डाग पडलेले फोटो वाया जात नाहीत. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोतला डाग पुसून तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना एकदम लावता येते, कारण डाग सगळीकडे त्याच जागी असतो. चेहरा किंवा दागिना त्या जागी आला असेल तर तो फोटो मात्र वेगळा तपासावा. नाहीतर नथीचा मोती डाग समजून पुसला जायचा. कॅनन आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत पांढऱ्या पृष्ठभागाचा संदर्भ-फोटो घेऊन कंपनीच्याच सॉफ्टवेअरने धुळीचे डाग काढण्याची सोय आहे.

मोबाइलला हा त्रास होतो का?

मोबाइलची लेन्स काढता येत नाही, त्यामुळे धूळ सहज आत जात नाही. फोटो धुरकट येत असेल तर दहातल्या नऊ वेळा कारण बाहेरच असते : बोटाचे तेल, घाम किंवा कुंडावरची वाफ. मऊ, कोरड्या कापडाने काच पुसली की फरक पडतो. पुसूनही ठिपका जागेवर असेल तर फोनच्या दुसऱ्या लेन्सने, म्हणजे ०.५ किंवा २ वर जाऊन, तेच दृश्य टिपावे. ठिपका नाहीसा झाला तर पहिल्या कॅमेऱ्याच्या आत कण गेला आहे. मोबाइलच्या सेन्सरवरचे पिक्सेल एक मायक्रॉनच्या आसपासचे असतात, म्हणून तिथे बारीक कणही मोठा दिसतो. फोन उघडण्याचा खटाटोप घरी करू नये.

फोनवर आयपी६८ असे लिहिलेले असते, त्यातला ६ हा आकडा धुळीसंबंधी आहे; तो धूळरोधकतेचा सर्वांत वरचा दर्जा. मात्र हा दर्जा नव्या फोनला मिळालेला असतो. पडलेल्या किंवा पडदा बदललेल्या फोनची सीलबंदी तशीच राहते असे नाही. गरम पाण्याच्या कुंडात फोन बुडवून पाहण्याचा मोह त्यामुळे टाळावा.

धूळ येऊच नये म्हणून काय करावे?

लेन्स बदलण्याआधी कॅमेरा बंद करावा, तोंड खाली धरावे आणि दुसरी लेन्स झाकण सैल करून हाताशी ठेवावी. वाऱ्याकडे पाठ करावी. गाडीच्या काचा लावून आत बसून बदलणे आणखी चांगले. काढलेल्या लेन्सचे मागचे झाकण लगेच लावावे. ही झाकणे खिशात टाकली की खिशातली सगळी कीस त्यांना चिकटते आणि तीच पुढे सेन्सरवर जाते. त्यासाठी एक लहान स्वच्छ पिशवी ठेवावी. कॅमेऱ्याची बॅग महिन्यातून एकदा उलटी करून झटकावी. हळदीला किंवा यात्रेला जाताना शक्य असेल तर एका कॅमेऱ्यावर एकच झूम लेन्स लावून दिवस काढावा.

जून उजाडला की धूळ बसते, पण दमटपणा येतो. कॅमेरा कपाटात गुंडाळून ठेवण्याऐवजी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या कराव्यात. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर लेन्सवर बुरशी धरत नाही. ती मोजण्याचे छोटे यंत्र कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते. लग्नसराई संपल्यावर कॅमेरा डब्यात ठेवण्याआधी एफ/१६ ची एक चाचणी करून घ्यावी. चिकटलेली हळद किंवा गुलाल पावसाळाभर तसाच राहिला, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या मुहूर्ताला तो काढणे अधिक अवघड झालेले असते.